न्यूझीलंडमध्ये स्वतः गाडी चालवायची तर: आरटीओतल्या अर्जापासून एकपदरी पुलांपर्यंत

न्यूझीलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि स्टिअरिंगही उजवीकडेच असते. युरोप किंवा अमेरिकेत गाडी घ्यायला कचरणारी मराठी कुटुंबं तिथे मात्र बिनधास्त गाडी बुक करतात. ते योग्यच आहे, कारण त्या देशाचा दक्षिण बेटाचा भाग बसमधून पाहण्यात मजा नाही. मात्र बाजू सारखी असली तरी सवयी सारख्या नाहीत. आपल्याकडे चौकात पुढे कोण जाणार हे बहुतेक वेळा गाडीचं नाक आधी कोणी घातलं यावर ठरतं. तिथे ते पाटी, रस्त्यावरची रेघ आणि नियम ठरवतात, आणि समोरचा चालक तुम्ही थांबणारच असं धरून चालतो. तो ब्रेकवर पाय ठेवून येत नाही. भारतीय चालकाने सगळ्यात जास्त जपायचं ते इथे.

लायसन्स

तिथल्या कायद्यानुसार पर्यटकाला स्वतःच्या देशाच्या वैध, पूर्ण लायसन्सवर गाडी चालवता येते. अट इतकीच की लायसन्स इंग्रजीत असावं, नाहीतर त्याचं मान्य भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, सोबत असावा. लर्निंग लायसन्स चालत नाही. महाराष्ट्राच्या स्मार्ट कार्डावर आवश्यक तपशील इंग्रजीत असतो, त्यामुळे आयडीपीशिवायही कायदेशीर अडचण येत नाही.

तरीही आयडीपी काढून घ्या असंच आम्ही सांगू. पाकिटात घासून कार्डावरची छपाई पुसट होते. तारीख किंवा वाहनाचा प्रकार नीट वाचता आला नाही, तर गाडी भाड्याने देणारा काउंटरवरचा माणूस चावी देत नाही, आणि त्या वेळी वाद घालून उपयोग नसतो. जुनं पुस्तिकेसारखं लायसन्स असेल तर आयडीपी हवाच. मात्र नुसता आयडीपी म्हणजे लायसन्स नव्हे. तो मूळ लायसन्सच्या जोडीनेच चालतो. गाडी चालवताना मूळ कार्ड अंगावर हवं. डिजिलॉकरमधली प्रत किंवा मोबाइलमधला फोटो त्याची जागा घेत नाही.

आधी लायसन्सची मुदत तपासा. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत मिळायची, ती २०१९ च्या दुरुस्तीनंतर गेली. आता मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून लायसन्स अवैध ठरतं. नूतनीकरण मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. त्यामुळे सहल मुदतीच्या आसपास येत असेल तर आधी नूतनीकरण, नवं कार्ड हातात, मग आयडीपी, असाच क्रम ठेवा. पंचावन्न ओलांडलेल्यांना लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं. सोबत येणारे बाबा किंवा काका थोडा वेळ गाडी चालवणार असतील तर त्यांच्या कार्डावरची तारीख हमखास पाहा.

आयडीपी कसा काढायचा

अर्ज तुमच्या राहत्या पत्त्याच्या आरटीओकडे जातो. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडा आणि लायसन्सशी संबंधित सेवांमध्ये आंतरराष्ट्रीय परवान्याचा पर्याय उघडा. लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की तुमची माहिती समोर येते. पत्ता जुना असेल तर इथेच अडतं. पुण्यात राहायला आलेल्या माणसाचं लायसन्स अजून कोल्हापूरच्या पत्त्यावर असतं, आणि अर्ज तिकडे जातो. आधी पत्ता बदलून घ्यावा लागतो, त्यात वेळ जातो. म्हणून हे काम निघण्याच्या किमान दीड महिना आधी हाती घ्या.

अर्जाचा नमुना ४-अ, शासकीय शुल्क १,००० रुपये. जोडायला लायसन्स, पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं आणि फोटो लागतात. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वैध व्हिसा या दोन अटी केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये काढून टाकल्या. तरी व्हिसा आणि तिकीट हातात आलेलं असेल तर त्यांच्या प्रती सोबत न्या. खिडकीवर मागितल्या तर पुन्हा फेरी पडत नाही. आयडीपीची मुदत एक वर्ष असते, आणि तुमचं लायसन्स त्याआधी संपत असेल तर लायसन्सच्या तारखेपर्यंतच. म्हणून तो फार आधीही काढून ठेवू नका.

हातात आल्यावर तिथल्या तिथे दोन गोष्टी पाहा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, आणि वाहनाच्या प्रकारात तुमच्या लायसन्सवरचे सगळे प्रकार आले आहेत का.

इंटरनेटवर तीन-पाच वर्षांच्या मुदतीचं ‘इंटरनॅशनल लायसन्स’ डॉलरमध्ये विकणाऱ्या साइट्स आहेत. त्या पुस्तिकेला कायद्यात काहीच किंमत नाही. भारतीय लायसन्सवर भारतात मिळणारा आयडीपी एक वर्षाचाच असतो.

नावांचा घोळ

हा खास आपला प्रश्न आहे. महाराष्ट्रात लायसन्सवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन पदरी नाव असतं. पासपोर्टवर मात्र कुणाचं वडिलांचं नाव ‘दिलेल्या नावात’ असतं, कुणाचं नसतं. लग्नानंतर अनेक जणींचा पासपोर्ट सासरच्या नावाने होतो आणि लायसन्स माहेरच्याच नावाने राहतं. गाडी बुक करताना मुख्य चालकाचं नाव, लायसन्स, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड ही चारही एकाच व्यक्तीची आहेत हे काउंटरवर दिसायला हवं. नावात थोडा फरक असेल तर भाड्याच्या कंपनीला आधीच ई-मेल करून लेखी होकार घ्या. आडनावच वेगळं असेल तर निघण्याआधी लायसन्सवरचं नाव बदलून घेणं हाच खरा उपाय.

क्रेडिट कार्डबद्दल आणखी एक. अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते. नवरा चालवणार आणि कार्ड बायकोचं, असं बहुतेक ठिकाणी चालत नाही. कार्डाची परदेशातली मर्यादा बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी सुरू करून वाढवून ठेवा.

गाडी ताब्यात घेताना

घाई करू नका, अर्धा तास लागला तरी लागू द्या. गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. चारही चाकांच्या रिम, बंपरच्या खालच्या कडा, काचेवरचे खड्याचे ठिपके, छप्पर, आणि पेट्रोलचा काटा व किलोमीटरचा आकडा त्यात यायला हवा. जो ओरखडा करारातल्या चित्रावर नाही तो लिहून घ्या.

विम्याचा कागद वाचताना ‘एक्सेस’ हा आकडा शोधा. नुकसान झालं तर तेवढी रक्कम तुमच्या खिशातून जाते. साध्या विम्यात ती काही हजार न्यूझीलंड डॉलर असते, जादा पैसे भरून ती कमी किंवा शून्य करता येते. कुटुंबासोबत पहिल्यांदाच जात असाल तर ती शून्यावर आणा. तरीही काही गोष्टी विम्यात येतच नाहीत: गाडीचा तळ, छप्पर, पाण्यातून गाडी घालणं, चुकीचं इंधन, करारात नाव नसलेला चालक, आणि मनाई केलेले रस्ते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅनियनचा रस्ता आणि उत्तरेतला नाइन्टी माइल बीच ही मनाईच्या यादीत हमखास सापडणारी नावं. वाऱ्याने दार उलटं वाकून बिजागरी तुटणं हेही तिथे नेहमीचं आहे. तळ्याकाठी उतरताना दार हाताने धरून उघडा आणि मुलांनाही तेच सांगा.

भाड्याच्या गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक असतात. क्लचची सवय असलेला डावा पाय अचानक काहीतरी दाबायला जातो, तिथे त्याला ब्रेकच सापडतो आणि गाडी जोरात थांबते. डावा पाय मागे घेऊन ठेवा आणि पार्किंगमध्येच दहा मिनिटं पुढे-मागे करून पाहा. डिझेल गाडी स्वस्त वाटली तरी तिथे डिझेल वाहनांना किलोमीटरवर वेगळा रस्ताकर लागतो, तो शेवटी तुमच्या बिलात येतो. पेट्रोल गाडीला साधारणपणे ९१ नंबरचं पेट्रोल चालतं. पंपावर आपणच भरायचं असतं, म्हणून नोझलवरचं नाव वाचूनच उचला.

सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीटमध्ये बसवणं बंधनकारक आहे. मांडीवर बसवून चालत नाही, पाच मिनिटांचा रस्ता असला तरी. ही सीट गाडीसोबतच आधी बुक करा.

आणि उतरल्या दिवशी गाडी चालवू नका. मुंबईहून थेट विमान नाही, सगळा प्रवास वीस तासांच्या आसपास जातो. त्यांच्या उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तुमच्या शरीराचे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. पहिली रात्र विमानतळाच्या गावातच काढा, गाडी दुसऱ्या दिवशी घ्या.

वाट कोणी कोणाला द्यायची

हा भाग दोनदा वाचावा.

गोल चौकात तुमच्या उजवीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाट द्यायची. नियम आपल्याकडेही हाच आहे, पण तिथे तो शब्दशः पाळला जातो. उजवीकडची गाडी वेग कमी करेल या भरवशावर आत शिरलात तर ती तुमच्या दाराला येऊन लागेल. डावीकडे वळायचं तर आत जातानाच डावा इंडिकेटर. उजवीकडे किंवा परत मागे वळायचं तर उजवा, आणि तुमच्या आधीचा फाटा ओलांडला की डावा. सरळ जायचं तर आत जाताना काही नको, फक्त तुमच्या आधीचा फाटा ओलांडला की डावा.

साध्या चौकात समोरासमोरच्या दोन गाड्या एकाच रस्त्याला वळत असतील, तर उजवीकडे वळणाऱ्याने डावीकडे वळणाऱ्याला वाट द्यायची. रस्ता जिथे संपतो त्या टी-जंक्शनला संपणाऱ्या रस्त्यावरच्याने सरळ रस्त्यावरच्या सगळ्यांना वाट द्यायची.

‘स्टॉप’च्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. रस्ता मोकळा दिसला तरी थांबायचंच. हळूहळू सरकत जाणाऱ्याला पोलीस १५० डॉलरचा दंड करतात. लाल सिग्नलला डावीकडे वळायची मुभा नाही. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला की गाडी थांबवा. तो हात दाखवत नाही, थेट चालत येतो.

आता एकपदरी पूल. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ते थोड्या थोड्या अंतरावर लागतात, आणि मुख्य महामार्गावरच लागतात. पुलाआधी दोनपैकी एक पाटी असते. गोल, लाल कडेची, तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल: तुम्ही थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. निळी चौकोनी, तुमच्या दिशेचा बाण मोठा आणि पांढरा: आधी तुम्ही. लक्षात ठेवायची सोपी खूण म्हणजे छोटा लाल बाण ज्याचा, त्याने थांबायचं. लाल पाटी असेल तर पुलाच्या अलीकडे रेघेपाशी, डाव्या कडेला थांबा, म्हणजे समोरच्याला बाहेर पडायला जागा राहते. निळी पाटी असली तरी पुलावर आधीच चढलेल्या गाडीला उतरू द्या. समोरून पाच-सहा गाड्या एकामागून एक येत असतील तर सगळ्या जाईपर्यंत थांबावं लागतं, मधे घुसायचं नाही. हास्टजवळचा पूल ७३७ मीटर लांब आहे, देशातला सर्वांत लांब एकपदरी पूल. त्यावर मधे दोन ठिकाणी गाड्या बाजूला घ्यायला रुंद जागा केली आहे. तिथे दुसरं टोक स्पष्ट दिसत नसेल तर घाई नको. वाट दिल्यावर समोरचा हात वर करून आभार मानतो, तुम्हीही माना.

वेग, रेघा आणि मागची रांग

वस्तीत साधारण ५० आणि मोकळ्या रस्त्यावर १०० ही कमाल मर्यादा, पाटीवर वेगळं लिहिलं नसेल तर. पांढऱ्या वर्तुळात तिरकी काळी पट्टी असलेली पाटी पाहून काहीजण समजतात की इथे मर्यादाच नाही. तिचा अर्थ १०० ची मर्यादा. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५ किंवा ४५ असा आकडा असतो. तो सल्ला असला तरी आदेश समजून पाळा, कारण तिथले इंजिनिअर वळण मोजूनच तो लिहितात. थांबलेल्या स्कूल बसमधून मुलं चढत-उतरत असतील तर दोन्ही दिशांना २० च्या वर जायचं नाही.

मर्यादेपेक्षा दहापर्यंत जास्त वेगाला ३० डॉलर, आणि पुढे तो आकडा वाढत जातो. चाळीसपेक्षा जास्त ओलांडली तर जागेवरच २८ दिवस गाडी चालवायला बंदी, म्हणजे सहल तिथेच संपली. चालवताना हातात मोबाइल धरला तर १५० डॉलर, सीट बेल्ट नसेल तरी तेवढेच. मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट लागतो.

मध्यरेघ तुमच्या बाजूला अखंड पिवळी असेल तर ओव्हरटेक करायचं नाही. इतर ठिकाणी ओव्हरटेक पूर्ण होईपर्यंत पुढे किमान १०० मीटर मोकळा रस्ता दिसत राहिला पाहिजे. थोडी कळ काढा, मध्ये मध्ये खास ओव्हरटेकसाठी जादा पदर येतात. देखावा पाहत ७० ने चालला असाल आणि आरशात तीन-चार गाड्या साचल्या असतील, तर पहिल्या सुरक्षित जागी डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्या. पर्यटकांबद्दल स्थानिक लोकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. फोटोसाठी मात्र रस्त्याच्या कडेला अर्धवट थांबू नका. पुढे थांब्याची जागा येतेच.

हॉर्न फक्त धोक्याची सूचना देण्यासाठी. ओव्हरटेक करताना सवयीने वाजवलेला हॉर्न तिथे शिवी दिल्यासारखा वाटतो.

पार्किंग करताना गाडीचं तोंड वाहतुकीच्या दिशेनेच हवं. समोरच्या बाजूची जागा दिसली म्हणून उलटी लावली तर दंड होतो. तुटक पिवळ्या रेघेवर गाडी लावायची नाही. ‘पी ६०’ म्हणजे साठ मिनिटं, ‘पी १०’ म्हणजे दहा.

दारू

वीस वर्षांवरील चालकाला रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, वीसच्या आतल्याला शून्य. आपल्याकडे ही मर्यादा ३० आहे, म्हणून तिथे सूट मिळते असं समजू नका. पोलीस कोणत्याही गाडीला, कोणत्याही वेळी थांबवून श्वास तपासतात. वाइनरी पाहायची असेल तर त्या दिवसाचा चालक सकाळीच ठरवा.

अंतरं आणि मिलफर्डचा रस्ता

क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन साधारण ४८० किलोमीटर. नकाशा सहा तास दाखवतो, थांबत गेलात तर आठ-नऊ. दक्षिण बेटावर दिवसाला ३०० किलोमीटरच्या वर ठरवू नये, आणि अनोळखी घाटात अंधार पडल्यावर शिरू नये.

ते अनाऊ ते मिलफर्ड साउंड साधारण १२० किलोमीटर. मोबाइलला रेंज मिळत नाही, वाटेत पेट्रोल पंप नाही. टाकी ते अनाऊलाच भरा आणि नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा. मे ते नोव्हेंबर या काळात या रस्त्यावर बर्फाच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागतात. त्या भाड्याने मिळतात. चाकावर चढवायची रीत देणाऱ्याकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्या, थंडीत बधिर झालेल्या बोटांनी पहिल्यांदा ते शिकायची वेळ येऊ नये. सावलीतल्या वळणांवर काळ्या डांबरावर न दिसणारा बर्फाचा थर असतो. तिथे ब्रेक जोरात दाबू नका, वळणाआधीच वेग कमी करा. १.२ किलोमीटरच्या होमर बोगद्यापाशी गर्दीच्या दिवसांत सिग्नलला थांबावं लागतं. तिथे कीआ पोपट गाडीवर येऊन बसतात आणि खिडक्यांचं रबर चोचीने ओढून काढतात. त्यांना खायला देऊ नका आणि गाडी सोडून लांब जाऊ नका. बोटीची वेळ गाठायची असेल तर ते अनाऊहून तीन तास हाताशी ठेवून निघा.

टोलचे रस्ते फक्त उत्तर बेटावर आहेत, ऑकलंडच्या उत्तरेला आणि तौरंगाजवळ. टोलनाके नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो. पाच दिवसांच्या आत ऑनलाइन भरा, नाहीतर भाड्याची कंपनी स्वतःचं सेवाशुल्क लावून ते वसूल करते.

पोलिसांनी थांबवलं किंवा अपघात झाला तर

मागे लाल-निळे दिवे दिसले की डावीकडे सुरक्षित थांबा, गाडीतच बसून राहा, काच खाली करा. लायसन्स, आयडीपी आणि करार दाखवा. दंड जागेवर रोख घेत नाहीत, आणि पैसे पुढे करण्याचा विचारही मनात आणू नका, तो तिथे गुन्हा ठरतो.

अपघात झाला तर थांबणं बंधनकारक आहे. कोणी जखमी असेल तर १११ वर फोन करा. अशा अपघाताची खबर पोलिसांना चोवीस तासांच्या आत द्यावी लागते. उभ्या गाडीला धक्का लागला तर मालकाला शोधा. नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर एकमेकांना द्या, फोटो काढा, चूक कोणाची यावर तिथे वाद घालू नका. भाड्याच्या कंपनीला लगेच फोन करा, उशिरा कळवलं तर विमा नाकारायला कारण मिळतं. अपघातातल्या दुखापतीवरच्या उपचारांचा मोठा भाग तिथली सरकारी एसीसी योजना पर्यटकांसाठीही उचलते. मात्र आजारपण किंवा भारतात परत आणण्याचा खर्च त्यात नाही. म्हणून प्रवास विमा हवाच.

गाडी परत देताना टाकी भरून पावती जपा, आणि घेतानासारखाच व्हिडिओ पुन्हा काढा. रात्री चावी पेटीत टाकून जायचं असेल तर तो व्हिडिओ हाच तुमचा पुरावा. दंडाच्या नोटिसा भाड्याच्या कंपनीमार्फत काही आठवड्यांनी येतात, तोपर्यंत कराराची प्रत आणि ते व्हिडिओ मोबाइलमधून काढू नका.